रूझवेल्ट जिना कसा चढायचे? (भाच्याचा प्रश्न, मला उत्तर येईना)

मामी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. भाचा नववीत आहे. जन्मापासून पायांत ताठरपणा, वॉकर घेऊन चालतो. शाळेतून वक्तृत्व स्पर्धेला त्याचं नाव दिलंय आणि विषय हातात ठेवलाय, 'अपंगत्वावर मात करणारा नेता'. सरांनीच फ्रँकलिन रूझवेल्ट सुचवले. मी करवीर नगर वाचन मंदिरातून दोन पुस्तकं आणली, नेटवर शोधलं आणि छान चार पानी भाषण लिहून दिलं. ३९व्या वर्षी पोलिओ, मग जिद्द, मग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, टाळ्या.

पोरगं वाचून म्हणालं, "मामी, ह्यात जिना कुठंय?"

म्हटलं, कसला जिना? तर म्हणे, राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी ते न्यू यॉर्क राज्याचे गव्हर्नर होते ना? मग निवडणुकीला उभे राहिले असतील, गावोगाव सभा घेतल्या असतील. सभेच्या हॉलला पायऱ्या असणारच. वर कसे जायचे? पडले तर कोण उचलायचं? लोक हसायचे का? हे काहीच लिहिलं नाहीस, नुसतं मात मात केलंयस.

खरं सांगते, मला एकाचंही उत्तर आलं नाही. कुणी ह्यावर वाचलं असेल तर सांगा. आणि एक अडाणी शंका, गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालासारखं पद का? स्पर्धा येत्या शनिवारी आहे.

तिकटीवरचा

गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे ताई. आपल्याकडं राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, अमेरिकेत राज्याची जनता मतदान करून गव्हर्नर निवडते. काम बघितलं तर आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं. अर्थसंकल्प, विधिमंडळाशी भांडण, तुरुंग, इस्पितळं, सगळं त्याच्याच गळ्यात. रूझवेल्ट १९२९ ते १९३२ होते. तिकडं तेव्हा गव्हर्नरची मुदत दोनच वर्षांची असायची, म्हणून ते १९२८ आणि १९३० असे दोनदा निवडून आले. आणि १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, म्हणजे बहुतेक कारकीर्द मंदीत गेली.

बाकी जिन्याचं मला माहीत नाही. आमच्या पेठेतले एक काका इथं येतात अधूनमधून, ते सांगतील. (काका, वर या.)

कॅलिपरवाला

आलो. वर यायला वेळ लागतो बाबा, ते तर प्रश्नातच आहे.

ताई, पोराला माझा नमस्कार सांगा. मी शिवाजी पेठेतला, वय ६८. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि उतरला तेव्हा दोन्ही पाय घेऊन गेला. सहाव्या वर्षापासून कॅलिपर. त्यामुळं रूझवेल्टबद्दल लोक डोक्याकडून खाली वाचतात, मी पायाकडून वर वाचलंय.

आधी कॅलिपर काय चीज असते ते त्याला कळू दे, कारण त्याच्याकडं वॉकर आहे, हे वेगळं. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामडं, खाली टाचेत त्या पट्ट्या रोवलेल्या. गुडघ्याला सांधा आणि सांध्यावर कडी. उभं राहायचं तर पाय हातानं सरळ करायचा, कडी खाली ढकलायची. खट् आवाज आला की पाय म्हणजे खांब. बसायचं तर कडी वर ओढायची, मग गुडघा वाकणार. हे सगळं पँटीवरून चाचपत. चारचौघांत करायचं झालं की माणूस खिशात रुमाल शोधल्याचं सोंग आणतो. मी अजून आणतो.

रूझवेल्टना असलीच दोन होती. दोन्हींचं मिळून वजन दहा पौंड, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. काळ्या बुटांत आणि पँटीत दिसून येऊ नये म्हणून काळ्या रंगात रंगवलेली.

आता चालायचं कसं? कमरेखाली जोर नाही म्हटल्यावर चालणं खांद्यानं आणि कमरेच्या झोक्यानं. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं शेजारच्याचा दंड पकडायचा, सगळा भार त्या दोन्हींवर टाकून एकेक पाय पुढं फेकायचा. आणि हे करताना तोंडानं गप्पा, हसणं चालू ठेवायचं. लोक तोंडाकडं बघतात, पायाकडं बघत नाहीत.

त्यांना पोलिओ झाला ऑगस्ट १९२१ मध्ये. त्यानंतर राजकारणात नीट लोकांपुढं आले ते जून १९२४ ला. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पक्षाचं अधिवेशन होतं आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी अल स्मिथ (तेव्हाचे न्यू यॉर्कचे गव्हर्नर) यांचं नाव रूझवेल्टनी मांडायचं होतं. शेवटचे पंधराएक फूट कुबड्यांवर एकट्यानं जायचे. तेवढं अंतर घरात मोजून त्यांनी सराव केला होता. तिथवर त्यांना घेऊन आला मुलगा, जेम्स, सोळा वर्षांचा. आणि उठायच्या आधी यांनी शेजारी बसलेल्याला सांगितलं, ते समोरचं भाषणाचं स्टँड जरा हलवून बघ, माझं वजन पेलेल का.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवलं आणि चहा टाकला. कारण हे मी जन्मभर करत आलोय, कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची, देवळात कठडा, ऑफिसात टेबल. आधी हळूच हलवून बघायचं, मग हात टेकायचा. मला वाटायचं हा माझाच भित्रेपणा.

जेम्सनं पुढं लिहून ठेवलंय की त्या दिवशी वडिलांची बोटं त्याच्या दंडात चिमट्यासारखी रुतली होती. हे तुमच्या भाषणात नक्की घाला. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी पाचवीत गेलो तेव्हापासून मला शाळेत न्यायचं काम त्याच्याकडं. त्याचा डावा दंड माझा. पावसाळ्यात पेठेतली फरशी शेवाळली की माझी पकड अशी बसायची की संध्याकाळी आई त्याला तेल लावताना विचारायची, हे काळंनिळं कसलं रं? तो म्हणायचा, खेळताना लागलं. आमच्या भागातले सगळे मला 'जिद्दीचा पोरगा' म्हणायचे. त्याला कुणी काही म्हटलं नाही.

तर जिना. १९२८ साली स्मिथ राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि गव्हर्नरपदासाठी त्यांनी रूझवेल्टना गळ घातली. विरोधक आणि वर्तमानपत्रं म्हणाली, आजारी माणसाला कशाला जुंपताय? स्मिथ यांचं उत्तर गाजलं. ते म्हणाले, गव्हर्नरला काही डोंबाऱ्यासारख्या उड्या मारायच्या नसतात, त्याचं काम डोक्याचं. (शब्द माझे, मतलब त्यांचा.)

मग चारेक आठवडे मोटारीतून राज्य पालथं घातलं. उघडी मोटार, पुढच्या सीटच्या पाठीला लोखंडी दांडी बसवलेली. गाव आलं की दांडीला धरून उभं राहायचं, कडी बसवायची, भाषण, परत कडी काढून खाली. दिवसातून कितीतरी वेळा. पोराला सांगा, मोटारीतून बोलण्यात हुशारी होती. पायरी चढायचा प्रश्नच नाही, आणि उभा राहिलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

पण बंद हॉलच्या सभा टळत नाहीत. न्यू यॉर्क शहरातल्या यॉर्कव्हिल भागात एक सभा होती. गर्दीतून मधल्या वाटेनं एवढं अंतर चालणं शक्य नव्हतं. मग इमारतीच्या मागं आगीच्या वेळी उतरायला लोखंडी जिना असतो तसल्या जिन्यावरून माणसांनी त्यांना उचलून वर नेलं. वर पोचल्यावर कॅलिपर सारखी केली, केस नीट केले, मुलाचा दंड धरला आणि हसत स्टेजवर. फ्रान्सेस पर्किन्स म्हणून बाई होत्या, पुढं त्यांच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री झाल्या, त्यांनी हे डोळ्यांनी बघून लिहिलंय. त्यांना काय भावलं, तर माणूस उचलून घेताना कानकोंडा झाला नाही, त्रागा केला नाही.

मला ते वाचून थोडा हेवा वाटला. मी त्रागा करायचो. उचलणारा खाली ठेवेपर्यंत माझा जबडा आवळलेला असायचा. पाठकुळी घेतलं तर गुडघे लोंबकळतात, कॅलिपरचं पोलाद उचलणाऱ्याच्या बरगडीला लागतं, आणि आपण 'सॉरी' म्हणत राहतो.

निवडून आले सुमारे २५ हजार मतांनी. चाळीस लाखांवर मतं पडली होती, त्यात २५ हजार म्हणजे आपल्याकडं ग्रामपंचायतीला सात मतांनी यावं तसं. स्मिथ मात्र आपल्याच राज्यात राष्ट्राध्यक्षपदाला हरले. डोंबाऱ्याची गरज नाही म्हणणारा माणूस पडला आणि कुबड्यावाला राहिला.

आल्बनीला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, गव्हर्नरच्या बंगल्यात लिफ्ट बसवली, उतरंडी केल्या, आणि झाडांसाठी काचेचं घर होतं तिथं पोहायचा तलाव करून घेतला. पाण्यात पाय हलके होतात, ते मीही अनुभवलंय, लहानपणी रंकाळ्यात चुलता धरायचा तेव्हा. घरात वावरायला त्यांची चाकाची खुर्ची होती ती बाजारातली मोठी अवजड नव्हती. स्वयंपाकघरातली साधी बिनहाताची लाकडी खुर्ची, तिला चाकं लावलेली. दारातून सहज जाते आणि फोटोत पटकन ओळखू येत नाही.

आता त्या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. गव्हर्नरनं राज्याची इस्पितळं, वेड्यांची रुग्णालयं, तुरुंग तपासायचे असतात. उन्हाळ्यात ते कालव्यातून बोटीनं दौऱ्यावर निघायचे. बोट कशाला, तर चढउतार नाही. पण इमारतीत शिरून जिने, वॉर्ड, कोठीघर कसं फिरणार? ते संस्थेच्या प्रमुखाबरोबर मोटारीतून आवारात चक्कर मारायचे आणि बायकोला, एलिनॉरना, आत पाठवायचे. पहिल्यांदा एलिनॉर बाहेर आल्या आणि जेवणाचा तक्ता वाचून दाखवला. त्यावर यांचा प्रश्न, चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून बघितलंस का? तक्त्यावर लिहिलेलं भांड्यात आहे का? खाटा एकमेकींना किती चिकटून आहेत? दाराच्या मागं, कपाटात घडीच्या खाटा दडवल्यात का, म्हणजे रात्री किती माणसं कोंबतात ते कळेल.

ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याला काय बघायचं ते शिकवतो. आमच्या घरात मी असाच होतो. भावाला मंडईत पाठवायचो तेव्हा सांगायचो, वांगी वरची नको बघूस, पाटीतली खालची उलटून बघ. तो वैतागायचा. एलिनॉरबाई मात्र शिकल्या, आणि अशा शिकल्या की पुढं नवरा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कोळशाच्या खाणीत उतरल्या.

पडण्याबद्दल विचारलंय पोरानं. पडले. जून १९३६, फिलाडेल्फिया, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. प्रचंड सभा, स्टेजकडं जाताना एका म्हाताऱ्या कवीशी हात मिळवायला वळले आणि कॅलिपरची कडी सुटली. भाषणाची पानं चिखलात. सुरक्षारक्षकांनी गराडा घातला, कडी बसवली, कपडे झाडले, पानं गोळा केली, आणि पाचेक मिनिटांत ते माईकपुढं. पुढच्या लोकांनाही फारसं कळलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात पडल्याचा फोटो नाही. वार्ताहर गप्प बसत, आणि कुणी कॅमेरा रोखलाच तर रक्षक आडवे येत. खुर्चीत बसलेल्या रूझवेल्टचे फोटो आज बोटांवर मोजण्याइतके सापडतात.

ह्यावर माझं मत पोराला पटेल न पटेल. त्यांनी लपवलं. मला त्याचा राग येतो, कारण त्यांनी एकदा जरी खुर्चीत बसून सभा घेतली असती तर किती आईबापांनी आपली पोरं माजघरातून बाहेर काढली असती. आणि राग येत नाही, कारण मी स्वतः १९८६ ला एका पतसंस्थेच्या संचालकपदाला उभा राहिलो होतो.

तेव्हा मी कारकून. संस्थेचं नाव नको. हिशेब मला कळायचा, दोनशेवर सभासद तोंडओळखीचे. प्रचाराला भावाची स्कूटर, मागं मी. समोरच्या पॅनेलनं माझ्याविरुद्ध एक शब्द वाईट बोलला नाही. फक्त एवढंच पसरवलं, "माणूस सोन्यासारखा, पण मीटिंग दुसऱ्या मजल्यावर असते, त्याला कशाला त्रास?" झालं. अकरा मतांनी पडलो. निकालाच्या दिवशी आभाराचे दोन शब्द बोलायला वर चढलो, भाऊ बाजूला. टेबल हलवून बघायचं विसरलो. टेबल सरकलं, मी खाली, पाय सरळच्या सरळ पुढं, कडी बसलेलीच. सगळे धावले आणि हळहळले. त्या हळहळीपेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. तेव्हा मला कुणी म्हणालं असतं की फोटो येऊ देत नाही, तर मी त्याचे पाय धरले असते. माझेच नाहीत तर त्याचे तरी.

रूझवेल्टनी शेवटी सांगितलं. १ मार्च १९४५, याल्टाच्या युद्धकाळातल्या परिषदेहून परतल्यावर संसदेपुढं पहिल्यांदाच बसून भाषण केलं आणि सुरुवातीलाच माफी मागितली, की पायांत दहा पौंड पोलाद वागवण्यापेक्षा बसून बोलणं मला सोपं पडतं. सहा आठवड्यांनी, १२ एप्रिलला, गेले. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ ला, सॉक यांची पोलिओची लस चालते असं अमेरिकेत जाहीर झालं. त्या संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था रूझवेल्टनीच १९३८ ला उभी केली होती, लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी गोळा करून. मला ताप आला १९५८ ला. तीन वर्षांत लस समुद्र ओलांडून शिवाजी पेठेत पोचली नाही एवढंच.

लांबलं. बोटं दुखायला लागली, आता खांदेही पूर्वीसारखे नाहीत.

वकील_करवीर

काकांनी सगळं सांगितलंच आहे. कायद्याच्या बाजूनं एकच भर घालतो, कारण 'पूर्वीच्या काळी' म्हटलं की लोकांना वाटतं फार जुनं. आपल्याकडं काही राज्यांच्या नगरपालिका कायद्यांत कुष्ठरोग झालेल्या माणसाला उभंच राहता येत नसे. ओडिशात असा निवडून आलेला माणूस अपात्र ठरला आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती अपात्रता कायम ठेवली. म्हणजे काही जणांना जिन्यापर्यंत पोचूही दिलं नव्हतं. १९९५ च्या अपंग कायद्यानं सरकारी नोकरीत ३ टक्के जागा दिल्या, २०१६ च्या कायद्यानं ४ केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. विधानसभेत राखीव जागा तेव्हाही नव्हती, आत्ताही नाही.

पेठेतला_दुसरा

अमेरिकेला कशाला जाताय, आपले आहेत की. जयपाल रेड्डी. लहानपणी पोलिओ, कुबडीवर चालायचे, १९६९ पासून १९८४ पर्यंत सलग चार वेळा आंध्रच्या विधानसभेत, कलवाकुर्ती मतदारसंघातून. आणीबाणीला विरोध करून काँग्रेस सोडली आणि १९८० ला मेदकमध्ये थेट इंदिरा गांधींच्या विरोधात उभे. पडले, पण उभे राहिले. नंतर केंद्रात मंत्री, १९९८ ला उत्कृष्ट संसदपटू.

दुसरे रीव्याचे यमुनाप्रसाद शास्त्री. गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांच्या मारानं डोळ्यांना इजा झाली आणि पुढं दृष्टी गेली. १९७७ ला त्यांनी रीव्याच्या महाराजांना लोकसभेला पाडलं. आपल्या भागातून त्या सत्याग्रहाला गेलेल्यांच्या आठवणी अजून घराघरांत निघतात, पण ह्या माणसाचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि 'अपंग' का 'दिव्यांग' यावर कुणी इथं धागा पेटवू नका, हात जोडतो.

मामी_राजारामपुरी

काका, तुमचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. झाकण उघडून बघण्याच्या ठिकाणी तो हसला, अकरा मतांच्या ठिकाणी गप्प झाला. मग म्हणाला, जेम्सचं पुढं काय झालं? मी म्हटलं, ते काकांना विचार. म्हणाला, नाही, काकांच्या भावाचं काय झालं ते विचार.

माझं चार पानी भाषण त्यानं ठेवून दिलं. 'मात' शब्द कुठंच नको म्हणतो. परीक्षक गुण कापतील म्हटलं, तर कापू देत म्हणे.

एक अडचण मात्र आहे. आज चौकशी केली, स्पर्धा पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आहे. खाली घेता येईल का विचारलं, तर म्हणाले, "काळजी करू नका ताई, आम्ही उचलून नेऊ की त्याला." चांगल्या मनानंच म्हणाले. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

कॅलिपरवाला

भाऊ आहे. आता त्याचेच गुडघे गेलेत, सकाळी मी त्याला कुबडी कशी धरायची ते शिकवतो आणि तो वैतागतो. डावा दंड दुखतो म्हणतो थंडीत. मी म्हणतो, खेळताना लागलं असेल.

पोराला आजच सांगा. तिथं गेल्यावर कळलं तर जबडा आवळेल, आणि आवळलेल्या जबड्यानं भाषण होत नाही. त्याला विचारा, उचलून जायचंय की खाली हॉल मागायचाय की दोन्ही. खाली मागायचा असेल तर अर्ज त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहू दे, मी सही करतो, पेठेतले आणखी चौघे करतील.

आणि मला एवढं कळवा, त्या जिन्याला कठडा कुठल्या बाजूला आहे? पायऱ्या किती? वळणावर उभं राहायला जागा आहे का? शनिवारी किती वाजता? आम्ही दोघं येतो, अर्धा तास आधी. स्टेजवरचं टेबल हलवून बघायला कुणीतरी पाहिजे.